खज्जियारला जाताय? मग तिथे एक रात्र राहा

“येवढ्यासाठी आणलास का रे मला? ह्याच्यापेक्षा आपला पाझर तलाव बरा की!”

खज्जियारचं तळं पहिल्यांदा पाहिल्यावर आमची आई हे वाक्य बोलली. चूक तिची नव्हती आणि तळ्याचीही नव्हती, चूक माझी होती. परभणीहून दोन दिवस रेल्वेत, अर्धा दिवस घाटात, आणि ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप केला त्या जागी आम्ही ऐन दुपारी दीड तास. जवळच्या डलहौसी गावच्या टॅक्सीवाल्याने ‘पाच पॉइंट, एक दिवस’ असा सौदा केला होता. बारा वाजता त्याने कुरणाच्या कडेला उतरवलं आणि “डेढ बजे तक आ जाना” म्हणून तो चहाला गेला. समोर गाड्यांची रांग, घोडेवाले, फुगे, मॅगी आणि मधोमध गवताने भरलेलं डबकंवजा पाणी.

तीन वर्षांनी आम्ही पुन्हा गेलो. या वेळी तिथेच मुक्काम केला, आणि आईने घरी आल्यावर गल्लीतल्या चार जणींना तिकडे पाठवलं. त्या चौघींना सांगता सांगता जे जमत गेलं ते इथे क्रमाने लिहितो. हिमालयात कधीच न गेलेल्या, घाट म्हणजे माळशेज किंवा कन्नड एवढीच ओळख असलेल्या आपल्याकडच्या माणसांसाठी हे आहे. ट्रेकिंगवाल्यांनी वाचलं नाही तरी चालेल.

आधी डोक्यातलं चित्र दुरुस्त करा

खज्जियार हिमाचल प्रदेशच्या चंबा जिल्ह्यात आहे. उंची साधारण साडेसहा हजार फूट, म्हणजे आपल्या म्हैसमाळच्या जवळपास दुप्पट. बशीसारखं खोलगट हिरवं कुरण, साधारण दीड किलोमीटर लांब आणि एक किलोमीटर रुंद. चहूबाजूंनी देवदारांचं दाट रान आणि बशीच्या तळाशी छोटंसं तळं.

हे तळं नाथसागर नाही. जायकवाडीच्या भिंतीवर उभं राहून ज्याने समुद्रासारखं पाणी पाहिलंय त्याला खज्जियारचं पाणी बघून हसूच येईल. ते कधीच फार मोठं नव्हतं, आणि गाळ साचून, वनस्पती माजून आणखी आक्रसलंय. तळ्यात गवताचं एक तरंगतं बेट आहे. त्यातल्या पात्यांना हात लावून वास घ्या, ओळखीचा वाटेल. तिथे माजलेली मुख्य वनस्पती म्हणजे आपलं वेखंड. लहानपणी आजीने ज्याचा तुकडा सहाणेवर उगाळून चाटवला, तेच. आईला हे सांगितल्यावर त्या तळ्याशी तिचं थोडं जमलं.

तेव्हा जायचं ते कुरणासाठी आणि रानासाठी. तळं म्हणजे त्या कुरणाच्या कपाळावरची टिकली समजा.

आता ‘मिनी स्वित्झर्लंड’ या नावाबद्दल. ही कुणा हॉटेलवाल्याची जाहिरात नाही. ७ जुलै १९९२ रोजी भारतातल्या स्विस दूतावासातले अधिकारी विली ब्लेझर इथे आले आणि त्यांनी खज्जियारला हे नाव दिलं. स्वित्झर्लंडमध्ये पायवाटांना असते तशी पिवळी पाटी त्यांनी इथे लावली. बर्न शहर इथून ६,१९४ किलोमीटर, असं तिच्यावर लिहिलेलं. जाताना ते इथला एक दगडही घेऊन गेले, तिकडच्या एका दगडी शिल्पात बसवायला. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ म्हणणाऱ्या गावच्या माणसाला यात काही अतिशयोक्ती वाटायचं कारण नाही. पाटीसमोर फोटो काढायला रांग लागते, तेवढी तयारी ठेवा.

केव्हा जायचं

शाळेची उन्हाळी सुट्टी हा आपल्याकडचा पहिला विचार. मे महिन्यात परभणी-नांदेड त्रेचाळीसवर असताना तिकडे संध्याकाळी स्वेटर लागतो, त्यामुळे मोह होतो. पण तेव्हा अख्खा पंजाब आणि दिल्लीही तिकडेच आलेली असते. मे-जूनमध्ये जायचंच असेल तर खज्जियारचा मुक्काम सोमवार ते गुरुवारमध्ये बसवा. शनिवार-रविवारी डलहौसी ते खज्जियार रस्त्यावर गाडी मुंगीच्या चालीने सरकते.

जुलै-ऑगस्टमध्ये जाऊ नका. हिरवंगार दिसतं, पण दरडी कोसळतात, रस्ते बंद पडतात. २०२३ आणि २०२५ च्या पावसाळ्यात हिमाचलचं काय झालं ते आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलंय.

डिसेंबर ते फेब्रुवारी बर्फ असतो. बर्फ बघायचाच असा हट्ट असेल तर जा, मात्र डलहौसी-खज्जियार वाटेवरच्या लक्कड मंडीजवळचा रस्ता बर्फाने बंद होतो आणि खज्जियारला चंब्याकडून वळसा घालून जावं लागतं. लहान मुलं आणि म्हातारी माणसं सोबत असतील तर मी हा खेळ करणार नाही.

माझं मत विचाराल तर दसरा ते दिवाळी. पाऊस धुऊन गेलेला असतो, आकाश काचेसारखं, लांबच्या बर्फाच्या रांगा स्पष्ट दिसतात. आपल्याकडे सोयाबीन निघून चार पैसे हातात आलेले असतात (भाव मिळाला तर), आणि शाळांनाही सुट्टी. रात्री थंडी मात्र कडक असते.

तिकीट: सचखंड एक्सप्रेस

पुण्या-मुंबईची माणसं विमानाने दिल्ली गाठतात. आपल्याला त्याची गरज नाही, कारण आपल्या दारातून रोज थेट पंजाबला जाणारी गाडी आहे. हुजूर साहिब नांदेड ते अमृतसर ही सचखंड एक्सप्रेस सकाळी नांदेडहून निघते, परभणी, जालना, छत्रपती संभाजीनगर, मनमाड करत भोपाळ-दिल्लीमार्गे दुसऱ्या दिवशी रात्री अमृतसरला पोचते. अंतर सुमारे दोन हजार किलोमीटर. लातूर-धाराशिवच्या लोकांनी परभणी गाठावी, बीडकरांना जालना किंवा संभाजीनगर सोयीचं.

आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी खुलतं. पूर्वी १२० दिवस होते, त्या हिशेबात राहू नका. गुरुपर्वाच्या आसपास या गाडीत पाय ठेवायला जागा नसते. तारखा ठरवताना कॅलेंडरमध्ये गुरु नानक जयंती आधी बघून घ्या, ती बहुतेक दिवाळीनंतर पंधरा दिवसांनी येते. जाण्याचं आणि येण्याचं दोन्ही तिकीट हातात आल्याशिवाय हॉटेलचे पैसे भरू नका.

या गाडीची एक गोष्ट साऱ्या देशात प्रसिद्ध आहे. वाटेतल्या काही स्टेशनांवर सेवादार डब्याजवळ येऊन लंगर वाढतात. फुकट, आणि कुणालाही. डाळ, भाजी, पोळी, कधी कढी-भात. नवखी माणसं हात पसरून उभी राहतात आणि गरम डाळ घ्यायला भांडं नसतं. म्हणून सीटखालच्या बॅगेत एक ताट आणि एक खोलगट डबा अगदी वरच ठेवा. आमच्या डब्यातल्या एका आजोबांनी पाण्याच्या बाटलीचं बूड कापून त्यात कढी घेतली होती. अशी वेळ तुमच्यावर येऊ नये.

तरीही घरचं काहीतरी हवंच. दोन दिवस टिकणारं म्हणजे धपाटे, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लाल ठेचा. दही-दुधातल्या दशम्या दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत छान राहतात. भाकरी उन्हाळ्यात बांधू नका, वास येतो.

अमृतसर ते पठाणकोट

गाडी रात्री पोचते, उशीरही होतो. त्या रात्री अमृतसरलाच राहा. पहाटे हरमंदिर साहिब (सुवर्णमंदिर), नंतर शेजारची जालियनवाला बाग, आणि दुपारी पठाणकोटची गाडी किंवा बस. अंतर एकशे दहा किलोमीटरच्या आसपास, अडीच-तीन तास.

हा रेल्वेमार्ग बटाला, गुरुदासपूर करत जातो. बटाल्याहून आत गेलं की घुमान लागतं. आपल्या हिंगोली जिल्ह्यातल्या नर्सीचे नामदेव महाराज पंजाबात आले आणि ज्या गावी राहिले ते हेच. त्यांची ६१ पदं गुरु ग्रंथसाहिबात आहेत. २०१५ साली मराठी साहित्य संमेलनही इथे भरलं होतं. सोबत वारकरी माणूस असेल तर एक दिवस वाढवा आणि अमृतसरहून टॅक्सीने घुमान करूनच पुढे जा. तिकडे ‘नामदेवांच्या मुलखातून आलो’ एवढं सांगितलं की लोक चहा पाजल्याशिवाय सोडत नाहीत, हा आमचा अनुभव.

पठाणकोटला दोन स्टेशनं आहेत हे लक्षात ठेवा. अमृतसरची गाडी पठाणकोट जंक्शनला येते. दिल्ली-जम्मू मार्गावरच्या बऱ्याच गाड्या पठाणकोट कॅन्टला थांबतात, तिचं जुनं नाव चक्की बँक. परतीचं तिकीट काढताना इथे घोटाळा होतो.

घाट: हा भाग नीट वाचा

पठाणकोट ते डलहौसी अंतर ऐंशी किलोमीटरच्या आसपास. आपल्या हिशेबाने दीड तास, तिथल्या हिशेबाने तीन. दुनेरा सोडलं की वळणं सुरू होतात आणि बनीखेतपर्यंत संपत नाहीत. मराठवाड्याचा माणूस सपाटीवरचा. परभणी ते लातूर डोळे मिटून बसला तरी पोट हलत नाही. इथे मात्र पहिल्या अर्ध्या तासात कुणीतरी ‘गाडी थांबवा’ म्हणतंच.

उपाय साधे आहेत. निघण्यापूर्वी पोटभर छोले-भटुरे खाऊ नका, पण रिकाम्या पोटीही बसू नका. दोन बिस्किटं, अर्धी पोळी एवढंच. ज्याला त्रास होतो त्याला पुढच्या सीटवर बसवा, त्याच्या हातात मोबाइल देऊ नका. आवळासुपारी किंवा मीठ लावलेलं लिंबू खिशात ठेवा. ओकारी थांबवायची गोळी निघण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्यायची असते. उलटी सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नाही. कोणती गोळी ते गावातल्या डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. प्लॅस्टिकच्या चार-पाच पिशव्या हाताशी.

स्वतःची चारचाकी परभणीहून नेणारेही भेटतात. डोंगरात गाडी चालवायची सवय नसेल तर नका नेऊ. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, वळणावर हॉर्न द्यायचा, उतारावर गियरमध्येच गाडी ठेवायची, ही तिथली रोजची शिस्त आपल्या हाडांत नाही.

पठाणकोटहून हिमाचल परिवहनच्या बस डलहौसी आणि चंब्याला जातात. स्वस्त आहेत आणि चालक पट्टीचे. चौघे-पाचजण असाल तर टॅक्सी परवडते. स्टँडवर टॅक्सी युनियनचा दरफलक असतो, तो आधी वाचा, मग बोला.

डलहौसी: श्वास घ्यायला दोन रात्री

इंग्रजांनी १८५४ मध्ये वसवलेलं, गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसीच्या नावाचं हे गाव पाच टेकड्यांवर पसरलंय. गांधी चौक आणि सुभाष चौक ही दोन नाकी, आणि त्यांना जोडणाऱ्या फिरायच्या सपाट वाटा. हॉटेल निवडताना ‘गांधी चौकापासून किती पायऱ्या’ हा प्रश्न नक्की विचारा. किती अंतर असं विचारू नका. ‘बस दो मिनट’ म्हणजे उभ्या ऐंशी पायऱ्या असू शकतात, आणि आईच्या गुडघ्यांनी त्या प्रत्येक पायरीचा हिशेब मला दिला.

इथली दोन ठिकाणं मला टाळू नयेत अशी वाटतात. एक सुभाष बावली. १९३७ मध्ये तब्येत खालावलेले सुभाषबाबू हवापालटासाठी डलहौसीत राहिले होते, त्यांच्या नावाचा हा झरा. दुसरं पंजपुला. भगतसिंगांचे काका सरदार अजितसिंग यांची समाधी तिथे आहे. आयुष्यातली अनेक वर्षं परदेशात वनवासात काढून हा माणूस परतला, आणि १५ ऑगस्ट १९४७ च्या पहाटे, देश स्वतंत्र झाला त्याच दिवशी, डलहौसीत गेला. पंजपुल्याला भजी-मॅगीची एवढी दुकानं आहेत की समाधीकडे कुणाचं लक्षच जात नाही. पाच मिनिटं तिथे थांबा.

उंचीची भीती बाळगू नका. लडाखला जाऊन आलेला शेजारी ऑक्सिजनचा डबा घ्यायला सांगेल. सहा-साडेसहा हजार फुटांवर धडधाकट माणसाला त्याची गरज पडत नाही. दम मात्र लागतो, कारण सगळीकडे चढ-उतार. रक्तदाब, दमा किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना दाखवून, औषधं दोन-चार दिवस जास्तीची घेऊन निघावं.

डलहौसी ते खज्जियार: वाटेत घाई नको

अंतर बावीस-चोवीस किलोमीटर. टॅक्सी ठरवताना स्पष्ट सांगा: “एक तरफ का, खज्जियार में छोडना है, रास्ते में लक्कड मंडी रुकना है.” दिवसभराचं पॅकेज नको. सामान गाडीतच राहील. चालक कुरकुर करतो, कारण त्याला रिकामं परतावं लागतं. दर त्या मानाने लागेल, तो द्या. हिमाचल परिवहनच्या (एचआरटीसी) बसही आहेत, पण मोजक्या. त्यांची वेळ आदल्या संध्याकाळी स्टँडवर जाऊन विचारायची.

लक्कड मंडी हा फाटा. इथून एक वाट कालाटोप अभयारण्यात जाते. वनविभागाच्या जुन्या विश्रामगृहापर्यंत तीन किलोमीटर, जवळजवळ सपाट, देवदारांच्या सावलीतून. आयुष्यात एकदाही ट्रेक न केलेल्या माणसासाठी याहून चांगली सुरुवात नाही. आई काठी घेऊन निम्म्यापर्यंत आली आणि एका ओंडक्यावर बसून राहिली. आम्ही परत आलो तर ती तिथल्या एका गद्दी (डोंगरातल्या मेंढपाळ समाजातल्या) बाईशी गप्पा मारत होती, एक पहाडीत आणि एक मराठीत. विषय शेळ्यांच्या भावाचा होता म्हणे.

पायात जोर असेल तर कालाटोपहून रानातून खज्जियारपर्यंत चालत जाता येतं, तेरा-एक किलोमीटर. वाटाड्या घ्या, सकाळी लवकर निघा. या रानात अस्वलं आहेत.

डैनकुंड हे दुसरं वळण, या भागातलं उंच शिखर, २,७५५ मीटर. वर पोहलानी मातेचं मंदिर. थोडं चढून गेलं की डोंगराच्या कण्यावरून चालत जायचं आणि दोन्ही बाजूंना दऱ्या. आकाश स्वच्छ असेल तरच जा. ढग असतील तर पांढऱ्या भिंतीशिवाय काही दिसत नाही. तिथे हवाई दलाचा तळ आहे. पाटी दिसेल तिथे मोबाइल खिशात ठेवायचा.

खज्जियारचा मुक्काम

दुपारी तीनच्या आधी पोचू नका. हेच मला पहिल्यांदा कळलं नव्हतं. अकरा ते चार या वेळात कुरण डलहौसीहून आलेल्या दिवसभराच्या पाहुण्यांचं असतं. साडेचारनंतर गाड्या परतायला लागतात, घोडे तबेल्याकडे वळतात, आणि सहाच्या सुमाराला ती सगळी बशी तुमची होते.

राहायला हिमाचल पर्यटन महामंडळाचं ‘देवदार’ आहे, सरकारी विश्रामगृहं आहेत, खासगी हॉटेलं आणि होमस्टे आहेत. खोल्या एकूण थोड्याच, म्हणून सुट्ट्यांच्या दिवसांत महिनाभर आधी ठरवा. ठरवताना तीन गोष्टी विचारा: खोलीतून कुरण दिसतं का, गरम पाणी कोणत्या वेळेत मिळतं, जादा रजई मिळेल का. चौथी गोष्ट, जेवण किती वाजेपर्यंत. आपण नऊला जेवायला बसणारी माणसं, आणि तिथे थंडीत साडेआठला स्वयंपाकघर थंड झालेलं असू शकतं.

संध्याकाळी आधी खज्जी नागाच्या मंदिरात जा. बाराव्या शतकातलं मानतात. सगळं काम लाकडी, वर पाटीच्या दगडांचं छप्पर. देव नाग. औंढ्याला जाणाऱ्या माणसाला नागदेवता परकी वाटायचं कारण नाही; आईने तर “हा आपल्या नागनाथाचा कुणी लागत असंल” म्हणून नातंच जोडलं. गाभाऱ्याला प्रदक्षिणा घालताना मान वर करा. छताच्या तुळयांपाशी लाकडात कोरलेल्या माणसांच्या आकृत्या आहेत, पांडव आणि हरलेले कौरव. कुणी सांगितलं नाही तर नव्वद टक्के लोक तसेच बाहेर पडतात. आम्हीही पहिल्यांदा तसेच बाहेर पडलो होतो.

मग कुरणाला पूर्ण फेरी मारा. सावकाश गेलात तर तास-सव्वा तास. तळ्याच्या काठाशी जमीन दलदलीची आहे, वरून गवत दिसतं आणि पाय घोट्यापर्यंत रुततो. लहान मुलांचा हात सोडू नका. अंधार पडला की हॉटेलात परत या. टॉर्च जवळ हवी, वीज जाते.

सकाळ महत्त्वाची. सहाला उठा, चहासाठी थांबू नका. गवतावर इतकं दव असतं की दहा पावलांत बूट भिजतात, म्हणून चामड्याचे बूट किंवा जुनी चप्पल काही कामाची नाही. रबरी तळव्याचे बूट घाला आणि कोरड्या मोज्यांचा एक जोड खिशातच ठेवा. भोवतीच्या देवदारांमुळे ऊन कुरणात उशिरा उतरतं. आधी पश्चिमेच्या झाडांचे शेंडे उजळतात, मग ती उजेडाची रेघ खोडांवरून खाली सरकत येते. तळ्यावर धुकं असतं. ऊन पाण्याला टेकलं की दहा-पंधरा मिनिटांत ते विरून जातं. हवा स्वच्छ असेल तर लांब बर्फाचे डोंगर दिसतात. त्या वेळी तिथे आम्ही, दोन गाई आणि एक कुत्रं एवढेच होतो. आई काही बोलली नाही. पदर डोक्यावरून घेऊन अर्धा तास बाकावर बसून राहिली, आणि मी चहा आणला तर म्हणाली, “ठेव तिथं.”

नऊनंतर पुन्हा जत्रा सुरू होते. तोवर तुम्ही सामान बांधायला मोकळे.

घोडा, झोर्बिंगचा फुगा (माणसाला आत घालून गडगडवतात तो), हातात ससा देऊन फोटो, चंब्याचा पोशाख घालून फोटो: सगळ्याचा भाव आधी ठरवा आणि तो माणशी की फेरीला हे वदवून घ्या. सशाचा फोटो मी काढू देत नाही, दिवसभर शंभर हातांत फिरणाऱ्या त्या जीवाचे हाल बघवत नाहीत. पॅराग्लायडिंग करायचं असेल तर चालकाचा परवाना मागून बघा. दाखवायला कां कूं केली तर परत फिरा. पावसाळ्यात ते सरकारच बंद ठेवतं.

तळ्याची अवस्था पाहिलीच असेल. वेफरची पाकिटं, बाटल्या, निर्माल्य तिथे टाकू नका. आपला कचरा पिशवीत घालून डलहौसी किंवा चंब्याला न्या.

चंबा उरकू नका

खज्जियारहून चंबा जवळजवळ तेवढंच लांब, चोवीस किलोमीटरच्या आसपास, पण सगळा उतार. रावी नदीच्या काठचं जुनं राजधानीचं गाव. राजा साहिल वर्मनने दहाव्या शतकात भरमौरहून राजधानी इथे आणली, त्याच काळातलं लक्ष्मीनारायण मंदिरांचं संकुल आहे. औंढा नागनाथचं दगडी कोरीव काम ज्याने पाहिलंय त्याला इथल्या शिखरांवर लाकडी छत्र्या बघून नवल वाटेल. बर्फ घसरून पडावा म्हणून ती सोय.

१९०८ मध्ये सुरू झालेलं भूरीसिंग संग्रहालय बघा, मुख्यतः चंबा रुमालासाठी. रेशमी धाग्याचं हे भरतकाम दोन्ही बाजूंनी सारखंच दिसतं, उलट-सुलट काही नाही. पैठणीच्या पदराची मागची बाजू तपासून बघणाऱ्या आपल्या बायका इथे बराच वेळ रेंगाळतात. बाजारात स्वस्तात मिळतो तो बहुधा खरा रुमाल नसतो. मागे गाठी दिसल्या की ओळखा.

घरी न्यायची वस्तू म्हणजे चुख. मिरच्या, लिंबासारख्या गलगलचा रस आणि मोहरीचं तेल. आपल्या ठेच्याचा डोंगरातला चुलतभाऊ. बरणी घट्ट बंद करून, दोन पिशव्यांत बांधा. आमच्या एका शर्टाला अजून तो वास आहे. जेवायला दह्यातल्या राजम्याचं मदरा मागा. तिखट खाणाऱ्याला ते सपक वाटेल, मग वरून चुख घ्या.

उरलेलं, एका दमात

कपडे थरावर थर घालता येतील असे. एकच जाड जर्किन नेण्यापेक्षा बनियन, फुल शर्ट, स्वेटर, वाऱ्याचं जॅकेट. कानटोपी मे महिन्यातही. पैसे डलहौसीतच काढून घ्या, खज्जियारमध्ये एटीएमच्या भरवशावर राहू नका. मोबाइलवरून पैसे देणं नेटवर्क असेल तोवरच. काश्मीरसारखी प्रीपेड सिम बंद पडायची अडचण हिमाचलात नाही. आधार कार्ड मूळ जवळ ठेवा, प्रत्येक हॉटेल मागतं. आपली हिंदी तिकडे चालते. “मेरेकू पानी होना” म्हटलं तरी ते हसून पाणी देतात.

एकूण दिवस नऊ धरा. दोन रेल्वेत, एक अमृतसर ते डलहौसी, एक पूर्ण दिवस डलहौसी, एक खज्जियार, एक चंबा, एक परतीचा अमृतसरपर्यंत, आणि पुन्हा दोन रेल्वेत. एक दिवस कमी करायची वेळ आली तर डलहौसीतला कापा, खज्जियारची रात्र कापू नका. खर्चात सगळ्यात मोठा वाटा टॅक्सीचा असतो, म्हणून शक्यतो चौघांचा गट करा.

परतीची सचखंड अमृतसरहून पहाटे सुटते. त्यामुळे चंब्याहून आदल्या दिवशी सकाळीच निघा, संध्याकाळपर्यंत अमृतसर गाठा, आणि खोली स्टेशनजवळच घ्या. रिक्षावाल्याला रात्रीच सांगून ठेवा. ताट आणि डबा पुन्हा बॅगेत वरच. चुखाची बरणी मात्र तळाशी.